चौथ्या दिवसाचा आवाज

पालघर
गुरुवार, २९ जानेवारी २०२६

पुंजारामभाऊ,

नमस्कार. तुमचा फोन आठ दिवस बंद लागतोय. आधी वाटलं डोंगरात रेंज नसेल, मग वाटलं चार्जिंग नसेल. आता काही वाटून घ्यायचं मी सोडून दिलंय. दिवाळीत लाडकीवहिनींनी तांदूळ पाठवले होते, त्या पिशवीवर तुमच्या हातचा पत्ता आहे. पिशवी मी टाकली नव्हती हे किती बरं झालं.

आधी कामाचं. सातपाटीच्या बर्फाच्या गोदामात सगळं जागच्या जागी आहे. नऊ नंबरची मोटर थोडी उशिरा सुरू होते, पण होते. दाराशी लावायच्या बोर्डाचा मजकूर मी लिहिलाय. तुम्ही वाचल्याशिवाय छापायला देणार नाही, म्हणून इथे उतरवते:

"सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायला बांबू आणि दोरांच्या वलांड्या बांधतात. बायका दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरावर टाकतात. एक मासा अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, हूक नाही. इथे पत्र्याचे सहाशे चाळीस बोंबील तसेच सोळा दोरांवर टांगले आहेत. छपरावरचं भिरभिरं समुद्रावरचा वारा मोजतं. त्याप्रमाणे मोटरी दोर हळूहळू ताणत नेतात. सुरुवातीला दोर ढिला, मासे ओल्यासारखे जड डोलतात. शेवटी दोर ताठ, मासे वाळल्यासारखे थरथरतात. किनाऱ्यावर ज्याला चार दिवस लागतात, ते इथे चाळीस मिनिटांत घडतं. वारा असेल तर."

शेवटचे तीन शब्द तुमचे. मला ते अजून पटलेले नाहीत. माणसं मुंबईहून गाडी काढून येणार, आणि नेमका वारा पडला तर त्यांनी लोंबते पत्रे बघायचे का? मोटरींच्या पेटीत एक बटण ठेवा, दाबलं की सुरू, असं मी डिसेंबरात म्हटलं तेव्हा तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "बाई, वारा नाय तर बोंबील वाळतोय कसला?" आणि विषय संपवलात. पुन्हा एकदा विचार करा, एवढंच.

आणखी एक चांगली बातमी. जबड्यांची ती कुरकुर यायची ना, तिचा बंदोबस्त मी केला. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनाही ती खटकली होती. दोन दिवस शिडीवर चढून एकेका जोडीला ब्रशनं मशीनचं तेल लावलं. तीनशेवीस जोड्या! मान अजून वळत नाही. पण आता कसला म्हणून आवाज नाही. बघाल तर खूश व्हाल.

तुमचा डबा गोदामातच राहिलाय. त्यात कानस आहे, पक्कड आहे. मी हात लावलेला नाही.

कुणाचं काही चुकलं म्हणून तुम्ही गेलात असं मी धरत नाही. "घरी काम हाय" म्हणालात, तर असेलच. उद्घाटन रविवारी, २२ फेब्रुवारीला. त्या पेटीतलं तुमच्याशिवाय कुणाला काही कळत नाही आणि मला तर नाहीच. वीस तारखेपर्यंत याल असं धरून चालते.

भावना सावे


पालघर
गुरुवार, ५ फेब्रुवारी

पुंजारामभाऊ,

उत्तर नाही. मागचं पत्र आज शाळेत, परीक्षेच्या देखरेखीवर असताना, मनात पुन्हा वाचलं. त्यात मोटर होती, बोर्ड होता, तेल होतं. जे लिहायला मी बसले होते तेवढंच नव्हतं.

वीस जानेवारीचं लिहिते. प्रदर्शनाच्या बाई मुंबईहून काम बघायला आल्या. तुम्ही शिडीवर होतात. त्यांनी मान वर करून विचारलं, "आणि हे कोण?" मी म्हणाले, "हे आमचे वायरमन."

घाईत म्हटलं असतं तर सांगितलं असतं, घाईत निघून गेलं. मी हसून म्हटलं. ते हसू मला जास्त टोचतं. मग त्यांनी आवाजाबद्दल काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, ते काही महत्त्वाचं नाही. त्या चहा प्यायला बाहेर गेल्या तेव्हा तुम्ही खाली उतरलात, पक्कड डब्यात ठेवलीत, हात पुसलेत आणि म्हणालात, "बाई, घरी काम हाय." मी "बरं" म्हटलं. बरं! जसे काही तुम्ही पाणी प्यायला निघाला होतात.

का म्हटलं असं, ते शोधतेय. मी चव्वेचाळीस वर्षांची. केळव्याच्या पानवेलीच्या वाडीत वाढलेली, वीस वर्षं मुलांना सूर्योदय आणि फुलदाणी काढायला शिकवणारी. माझं नाव कधी कुठल्या बोर्डावर आलेलं नाही. त्या बाई आल्या आणि मला वाटलं, हे सगळं माझं एकटीचं दिसावं. अर्धं मिनिट वाटलं. पण नेमकं त्याच अर्ध्या मिनिटात त्यांनी विचारलं.

आणि माझं एकटीचं त्यात काय होतं? एक चित्र. शाळेची घंटा दुरुस्त करायला तुम्ही आलात, तेव्हा ते फळ्याशेजारी लावलेलं होतं. बोंबलांची रांग, वर कप्प्या, दोर गोल फिरणारा. तुम्ही घंटा सोडून त्याच्याकडे बघत राहिलात. मला वाटलं कौतुक करणार. तुम्ही म्हणालात, "बाई, दोर असा फिरला तर मासा नाचल. वाळणार नाय." मला राग आला होता. त्या रात्री मी चित्र उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन करून विचारलं, "मग वाळेल कसा?"

तुम्ही बोईसरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पॅनल जोडलेत. कारखाना वापीला गेला, तुम्ही गेला नाहीत. त्या सव्वीस वर्षांत तुम्ही काय काय शिकलात ते मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी ते फक्त बघितलं. भंगारवाल्याकडे तुम्ही ट्रकच्या वायपरची मोटर हातात धरून कानाशी नेलीत, ते बघितलं. तो म्हणाला, "चाचा, सब चालू माल है." तुम्ही म्हणालात, "चालू है तो यहाँ काय को आया?" तो इतका हसला की सोळा मोटरी त्यानं स्वतः निवडून दिल्या. भिरभिऱ्याला वाट्या हव्या होत्या, तर तुम्ही लाडकीवहिनींच्या मांडणीतल्या चार स्टीलच्या वाट्या आणल्यात. वहिनी आल्या आणि त्यांनी विचारलं, "आमी आता आमटी कशात खायची? वाऱ्यात?" तरी जाताना छपराकडे बघत म्हणाल्या, "फिरतात बाकी झकास."

एकदा तुम्ही पेटीच्या आतल्या तारा दाखवल्या होत्या. प्रत्येक तार सरळ, प्रत्येक वळण काटकोनात, लाल लालशेजारी, निळी निळीशेजारी. दार लावल्यावर ते कुणालाच दिसणार नव्हतं. मी विचारलं, इतकं कशाला? तुम्ही म्हणालात, "उद्या दुसरा कोण उघडल, त्याला वाचता आलं पायजे." माझ्या एकाही चित्रामागे मी असा विचार केलेला नाही.

त्या माणसाला मी हसून वायरमन म्हटलं. माझं चुकलं. बोर्डावर आता तुमचं नाव पहिलं लिहिलंय. पुंजाराम वरठा, यंत्ररचनाकार. शब्द आवडला नाही तर दुसरा सुचवा. पण या.

भावना


सातपाटी
बुधवार, ११ फेब्रुवारी

पुंजारामभाऊ,

हे पत्र गोदामात, उलट्या क्रेटवर बसून लिहितेय. अक्षर वाईट येईल.

आज इंदुबाई आल्या होत्या. त्यांच्याच वलांडीवरून आपण सगळी मापं घेतली, पण सगळं टांगून झाल्यापासून त्या आत आल्या नव्हत्या. बाहेर वारा चांगला होता. मी त्यांना मध्यभागी उभं केलं आणि सुरू व्हायची वाट बघत राहिले. चाळीस मिनिटं त्या एका जागी, पदर खोचून. शेवटी दोर ताठ झाले, मासे थरथरायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्या म्हणाल्या, "काय गं बाय, तुजं बोंबील मुकं का?"

"मुके म्हणजे?"

"चौथ्या दिशी बोंबील बोलतो. ह्ये तर आज उतरवलेल्यावानी गप."

मी सांगितलं, कुरकुरत होते म्हणून तेल दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चिमीकडे बघितलं. चिमी त्यांची सून, डोक्यावर मासळीची पाटी तोलून बाहेर निघालेली, ती दारातच थांबली.

"सुक्या बोंबलाला तेल दिलंन," इंदुबाई तिला म्हणाल्या. "अगं, तेल तव्यात देतात!"

दोघी हसून हसून खाली बसल्या. मीही हसले, कारण मला अजून कळलं नव्हतं. मग इंदुबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या पुंजारामाला काय वाटल गं? चार दिवस माज्या वलांडीखाली बसला होता. डोळं मिटून. मी बोलले, काय रे, झोपाला आलास? तर बोलतो, नाय मावशी, ऐकतोय."

त्या गेल्यावर मी तुमचा डबा उघडला. हात लावणार नाही म्हटलं होतं, तो शब्द मोडला. कानशीखाली तुमची वही होती. गेल्या वर्षीची, मार्च महिन्याची चार पानं.

"पहिला दिवस. आवाज नाय. जड.
दुसरा. दुपारनंतर थोडा. ओल्या पिशवीसारका.
तिसरा. शेपट्या लागतात. टोक वाळलं, पोट नाय.
चौथा. सकाळी दव, गप. दहा वाजल्यापासून बोलतात. सगळे वेगळे बोलतात. एकासारका एक नाय."

आणि त्याखाली, रेघ मारून: "जबडा कानशीनं. जोडी जोडी वेगळी."

मला आता तुमचे ते अकरा आठवडे दिसतात. रोज दुपारी तुम्ही गोदामाच्या पायरीवर बसून दोन-दोन मासे हातात घेऊन घासायचात. घासलं की कानाशी हलवायचात, पुन्हा घासायचात. मी शेजारी बसून पत्रा कापत होते. एकदा विचारलंही होतं, "धार मोडताय का? मुलांच्या हाताला लागेल म्हणून?" तुम्ही म्हणालात, "हां, ते पण."

"ते पण" म्हणालात. मी त्यातलं पहिलं "हां" घेतलं आणि पुढचं सोडून दिलं.

तुम्ही आवाज घडवत होतात. बोंबील वाळताना ऐकू येतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी इथून दहा मैलांवर जन्मले. लहानपणापासून वलांड्यांची चित्रं काढतेय. त्यांच्याकडे कान देऊन मी एकदाही उभी राहिले नाही.

दुपारपासून फडक्यानं पुसतेय. रॉकेल लावून बघितलं. तेल फटीत बसलंय, जबडे एकमेकांवरून नुसते सरकतात. आता थरथरतात आणि काहीच ऐकू येत नाही. हे बघणं फार वाईट आहे, भाऊ. कुणाचे ओठ हलावेत आणि शब्द येऊ नयेत, तसं.

अकरा दिवस उरलेत.

भावना


सातपाटी
सोमवार, १६ फेब्रुवारी

पुंजारामभाऊ,

तुम्ही पत्रं वाचता की चुलीत घालता, माहीत नाही. तरी इथलं तुम्हाला कळायला हवं.

शनिवारी इंदुबाई चौदा बायका घेऊन आल्या. मी बोलावलं नव्हतं. सोबत राखेच्या तीन पाट्या. "भांड्याचा वशाटपणा कशानं जातो? राखेनं. मग ह्याचा नाय जाणार?" म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत दोर खाली घेतले गेले, मासे सुटे झाले आणि पायरीवर रांग लागली. राख, पाणी, काथ्या. चिमी प्रत्येक माशाला दम देत होती, "तोंड उघड रं, दात घासते तुजे."

रविवारी महाशिवरात्र. उपास होते, तरी सगळ्या आल्या. धुतलेले मासे कुठे वाळवायचे? त्यांनी विचारलंसुद्धा नाही. समोरच्या वलांडीवर खऱ्या बोंबलांच्या रांगा होत्या, त्यांच्या मधल्या रिकाम्या दोरांवर पत्र्याचे चढवले. हात काय चालतात त्यांचे! मी एक जोडी अडकवेपर्यंत त्यांच्या दहा होतात. जबड्यात जबडा, एक झटका, दोरावर. मी ती हालचाल दीड वर्ष चितारतेय, आणि काल पहिल्यांदा बघितली असं वाटलं. उन्हात खरे आणि खोटे एकत्र डोलत होते. एक मांजर आलं, पत्र्याच्या शेपटीला हुंगलं आणि आमच्याकडे असं बघून गेलं की इंदुबाई म्हणाल्या, "ह्याला पण फसवलंस गं."

आणि तेव्हा मला तुमच्या वहीतली ओळ आठवली. "जोडी जोडी वेगळी."

तुम्ही प्रत्येक दोन जबडे एकमेकांसाठी घासले होते. आणि आम्ही सहाशे चाळीस मासे एका ढिगात धुतले होते.

मी ते सगळ्यांना सांगितलं. मी तिथेच वाळूत बसले. काम बुडालं असं मनात स्पष्ट आलं, आणि त्याहून स्पष्ट हे, की ज्या माणसाचं ते होतं त्याला मी आधी दुखावलं, मग त्याचं काम तेलात बुडवलं आणि आता ढिगात मिसळलं.

इंदुबाईंनी दोन मासे उचलले, अडकवले, कानाशी हलवले. टाकले. दुसरा घेतला. टाकला. सातव्या की आठव्याला त्यांनी मान वर केली. "ह्यो बघ. लागला." मी कान लावला. कोरडा, हलका आवाज. शेंगेत दाणे हलावेत तसा, पण खोल. तो बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे हे कळायला कानाला शिकवावं लागत नव्हतं. जोडी चुकली की नुसता पत्रा वाजायचा.

मग कालचा उरलेला दिवस आणि आज संध्याकाळपर्यंत पंधरा जणी आणि मी कानाशी मासे हलवत बसलो. एक म्हणायची, "माज्याचा जोडीदार कुणाकडं हाय?" दुसरी, "तुज्याचा नाय लागत, फार चिरका हाय." चिमी म्हणाली, "आत्या, ह्यांच्याशी माजं दहा वर्षांत जुळलं नाय, ते पण एकदा कानाला लावून बघा." इंदुबाई म्हणाल्या, "त्याला राखेनं घास आधी."

आवाज जुळला की ती जोडी आमच्यात फिरायची. प्रत्येकीनं ऐकायची, मग टांगायची. असं कुणी ठरवलं नव्हतं.

तीनशेनऊ जोड्या जुळल्या. अकरा राहिल्या. बावीस मासे माझ्यासमोर आहेत. आम्ही प्रत्येक प्रत्येकाशी लावून बघितला. कुणाचाच कुणाशी आवाज येत नाही. इंदुबाईही हरल्या.

मी आता "या" म्हणत नाही. तुम्हाला बोलवायचा हक्क मला वाटत नाही. फक्त एवढंच सांगते, की गेले दोन दिवस तुमच्या हातानं घासलेला प्रत्येक आवाज मी कानाशी धरला. एकासारखा एक नाही. तुम्ही चौथा दिवस जसाच्या तसा उतरवलात, आणि मी त्यात हजर नव्हते.

हे बावीस मासे न टांगताच दार उघडू. अकरा जागा मोकळ्या राहतील.

भावना


पालघर
मंगळवार, २४ फेब्रुवारी

पुंजारामभाऊ,

परवा संध्याकाळी मनोरच्या एसटीत तुम्हाला बसवलं आणि घरी आले. तुम्ही समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहून टाकायची आता सवयच लागलीय.

शनिवारी दुपारी मी शिडीवर होते. खालून आवाज आला, "बाई, पाय सांभाळा. तिसरी पायरी ढिली हाय." मी खाली बघितलं. तुमच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत माझी चारही पत्रं. गावचं टपाल ज्याच्याकडे येतं त्या दुकानदारानं ती गल्ल्याखाली ठेवली होती आणि शुक्रवारी एकदम दिली, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे मी महिनाभर ज्या गप्पपणाशी बोलत होते, त्याला काही ठाऊकच नव्हतं.

मी माफी मागायला लागले. वायरमनबद्दल. तुम्ही हात वर केलात.

"त्याचा कसला राग? वायरमन हायेच मी. सव्वीस वर्षं हाय."

"मग?"

तुम्ही तंबाखू काढलीत, मग परत खिशात ठेवलीत. ती ठेवलीत तेव्हा मला भीती वाटली. "त्या बाईनं इचारलं, हा आवाज कसला? तुमी बोललात, गंज चढलाय, तेल देऊ." एवढं बोलून तुम्ही मोटर नंबर नऊकडे बघत राहिलात. "मला वाटलेलं तुमाला ऐकू येतं. आपण दोघं तेच करतोय, असं वाटलेलं."

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं, "काहीतरी उत्तर दिलं, ते काही महत्त्वाचं नाही." तुम्ही ते वाक्य वाचलेलं होतं. पिशवीतून काढून दाखवलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

मी चुकीच्या गोष्टीची माफी इतक्या मनापासून मागत होते, आणि खरी गोष्ट माझ्याच अक्षरात तिथे पडली होती. मी फक्त "हो" म्हणाले. "नव्हतं ऐकू येत." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही, आणि बोलायची गरजही राहिली नाही असं मला वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर सांगा.

मग ते बावीस मासे. मी टेबलावर रांगेत मांडलेले, चिठ्ठ्या लावलेले, कोण कोणाशी लावून बघितला त्याचा तक्ता केलेला. तुम्ही एक उचललात, जबड्यावरून अंगठा फिरवलात आणि हसलात. दीड वर्षात पहिल्यांदा तुमचे दात दिसले.

"ह्यांना कानस लावलीच नाय मी."

"राहून गेलं?"

"नाय. मुद्दाम. मावशी बोललेली, दर वलांडीत थोडे ऱ्हातात. वरनं सुके, आत ओल. ते नाय बोलत. ते नसतील तर खोटं वाटल."

इंदुबाई दारात होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाय! मीच सांगितलेलं ह्याला. आणि मीच दोन दिवस ह्यांना कानाशी धरून बसले!"

"मग ह्यांची जोडी कशी लावायची?" मी विचारलं.

"कुणालाबी कुणाशी लावा," तुम्ही म्हणालात. "मुक्याचं मुक्याशी जमतं."

बोर्डावर तुम्ही पेनानं केलेली दुरुस्ती मी तशीच छापून घेतली. आधी इंदुबाई आणि चौदा जणींची नावं. मग माझं. मग पुंजाराम वरठा, आणि "यंत्ररचनाकार" खोडून तुमच्या अक्षरातला शब्द, वायरमन. तो वाचून आता मला लाज वाटत नाही. ताठ मानेनं उभा असलेला शब्द आहे तो. मी तो वाकडा वापरला होता.

रविवारचं तुम्ही बघितलंच. पण तुम्ही बहुतेक वेळ छपरावर, वहिनींच्या वाट्यांशेजारी होतात, म्हणून एक सांगायचं राहिलं. अडतिसाव्या मिनिटाला सगळे बोलायला लागले तेव्हा त्याच प्रदर्शनाच्या बाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "हा आवाज कसला?" मी म्हणाले, "चौथ्या दिवसाचा." त्यांना कळलं नाही. मग मी त्यांना इंदुबाईंच्या स्वाधीन केलं. इंदुबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि मागून दंडाला धरून उभं केलं. एवढ्या मोठ्या बाई, शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या होत्या. डोळे उघडले तेव्हा पहिलं काय विचारलं असेल? "हे कुणी केलं?" मी छपराकडे बोट दाखवलं.

आज हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. शाळा सुटल्यावर गोदामात गेले तर वारा पडलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. वाट्या थांबलेल्या. तारापूरच्या वसाहतीतलं एक कुटुंब आलं होतं, नवरा-बायको आणि आजोबा. मासे जड, सरळ, गप्प. पाच मिनिटं त्यांनी बघितलं. मग ते गृहस्थ माझ्याकडे आले. "मॅडम, बंद आहे का? कुठे बटण वगैरे?"

भाऊ, डिसेंबरात मी तुमच्याकडे मागितलेलं ते बटण. माझा हात खरंच क्षणभर पेटीकडे गेला. मग मला आतल्या तारा आठवल्या, काटकोनात वळलेल्या.

मी त्यांच्यासाठी तीन क्रेट उलटे करून ठेवले.

"बंद नाही," मी म्हणाले. "ओले आहेत अजून. बसा ना."

ते बसले. मीही त्यांच्याशेजारी बसले, डोळे मिटून.

भावना